शंभर दिवसांचा घाट

सायकलवाल्या मंडळींना "चांगला रस्ता म्हणजे काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. डांबर गुळगुळीत हवं, चढ एकसारखा हवा आणि गाड्या जवळजवळ नकोत. पण या तीन अटींचं आपसात पटत नाही. जिथे गाड्याच जात नाहीत तिथे सरकार पैसे कशाला ओतेल? (आपल्याकडे गाड्या जातात तिथेही ओतत नाही, पण तो विषय वेगळा.)

तरीही आल्प्सच्या दक्षिण पायथ्याला, इटलीच्या व्हेनेतो प्रांतात, असे रस्ते ढिगाने सापडतात. कामानिमित्त काही महिने त्या भागात होतो, तेव्हा बहुतेक वीकेंड तिथल्या घाटांत गेले. आणि दर वेळी चढ चढताना डोक्यात एकच प्रश्न फिरायचा. एवढा खर्चिक रस्ता, इतक्या लहान गावांसाठी, बांधला तरी कोणी आणि का? इंजिनिअरची सवय, दुसरं काय! कोणतीही जुनी सिस्टीम बघितली की तिची मूळ रिक्वायरमेंट काय होती हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी थोडा भूगोल. व्हेनिसहून उत्तरेला निघालं की साठ-सत्तर किलोमीटर सपाट मैदान लागतं आणि मग अचानक डोंगराची भिंत उभी राहते. हे खरे बर्फाळ आल्प्स नव्हेत, त्यांच्या पुढची रांग. इटालियनमध्ये हिला 'प्रेआल्पी' म्हणतात, म्हणजे आल्प्सच्या आधीचे डोंगर. या भिंतीच्या पलीकडे बेल्लुनोचं खोरं. भिंतीच्या पश्चिम टोकाला १७७५ मीटर उंचीचा मोन्ते ग्राप्पा, आणि मधल्या भागात ७०६ मीटरवर एक अरुंद खिंड, सान बोल्दो.

आता सनावळी. पहिल्या महायुद्धात इटली मे १९१५ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध उतरली. १९१६ च्या वसंतात ऑस्ट्रियाने आसियागोच्या पठारावर मोठा हल्ला चढवला, आणि इटलीचा सरसेनापती लुईजी कादोर्ना याच्या लक्षात आलं की शत्रू या बाजूने मैदानात उतरला तर अख्खं सैन्य मागून कापलं जाईल. म्हणून त्याने मोन्ते ग्राप्पावर तोफा आणि रसद नेता येईल असा रस्ता करवून घेतला. त्या वेळी लढाई ग्राप्पापासून बरीच लांब होती. थोडक्यात काय, तर तो रस्ता म्हणजे निव्वळ बॅकअप प्लॅन होता.

बॅकअप वापरायची वेळ फार लवकर आली. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी कापोरेत्तोला (हे गाव आता स्लोव्हेनियात आहे, नाव कोबारिद) इटलीची फळी फुटली. अडीच लाखांहून जास्त सैनिक कैद झाले आणि उरलेलं सैन्य शंभरेक किलोमीटर मागे, पियावे नदीपर्यंत आलं. कादोर्नाची उचलबांगडी झाली, त्याच्या जागी आर्मांदो दियाझ आला. पण नवी फळी टिकली, आणि तिचा खांब होता मोन्ते ग्राप्पा. ज्याला घरी पाठवलं त्याच्याच रस्त्याने वर रसद जात होती. आजही त्या रस्त्याला 'कादोर्ना रस्ता'च म्हणतात.

नदीच्या या बाजूला इटली, त्या बाजूला ऑस्ट्रिया. म्हणजे बेल्लुनोचं खोरं आणि सान बोल्दोची खिंड आता ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती. त्यांची अडचण साधी होती. फौज पियावेच्या काठावर मैदानात, आणि माल येणार डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून. पूर्वेला फादाल्तोचा मोठा रस्ता होता, पण एका रस्त्यावर सगळा भार. मधल्या खिंडीतून दुसरी वाट हवी होती, आणि जूनमधल्या मोठ्या हल्ल्याच्या आत हवी होती.

फेब्रुवारी १९१८ मध्ये काम सुरू झालं आणि जूनच्या आत रस्ता तयार! म्हणून त्याचं नाव 'शंभर दिवसांचा रस्ता'.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हे प्रकरण भन्नाट आहे. खेचराची वाट डोंगरावर सरळ चढू शकते, पण तोफ ओढणाऱ्या गाडीला ते झेपत नाही. चढ सौम्य ठेवायचा तर अंतर वाढवावं लागतं, आणि अंतर वाढवायचं तर वळणांवर वळणं घ्यावी लागतात. इथे खिंडीच्या तोंडाशी घळ इतकी अरुंद आहे की वळण घ्यायला जागाच नाही. मग त्यांनी काय केलं? वळणंच कड्याच्या पोटात नेली. वरच्या टप्प्यात रस्ता घळीच्या एका भिंतीत शिरतो, आतल्या आत उलटा वळतो, बाहेर येऊन घळ ओलांडतो आणि समोरच्या भिंतीत घुसतो. असे पाच बोगदे एकावर एक. खालून बघितलं तर कोणीतरी डोंगराला बुटाची नाडी घातल्यासारखं दिसतं.

आज सायकलवाल्याला जो 'एकसारखा चढ' मिळतो तो या तोफांच्या कृपेने, बरं का. खालच्या तोवेना गावापासून सात किलोमीटरच्या आसपास अंतरात चारशे मीटरहून जास्त चढ आहे, तरी पाय मोडत नाहीत.

पण हे काम केलं कोणी? सैन्याच्या बांधकाम तुकड्या होत्या, युद्धकैदी होते, आणि जवळपासच्या गावांतल्या बायका, म्हातारे आणि पोरंही होती. तरुण पुरुष बहुतेक आघाडीवर. ताब्यातल्या मुलखात धान्य, गुरं, अगदी चर्चच्या घंटासुद्धा सैन्याने उचलल्या होत्या. त्या वर्षाला तिथे अजून 'भुकेचं वर्ष' म्हणतात. म्हणजे आपलीच माणसं नदीपलीकडे ज्या फौजेशी लढताहेत, त्याच फौजेसाठी दगड वाहायचे. हे वाचल्यावर ते पाच बोगदे मला नुसते भन्नाट वाटेनात.

आणि उपयोग काय झाला? १५ जून १९१८ ला हल्ला सुरू झाला, आठवड्याभरात फसला. २४ ऑक्टोबरला, कापोरेत्तोला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, इटलीने उलटा हल्ला केला आणि ४ नोव्हेंबरला या आघाडीवरचं युद्ध संपलं. ज्यांनी रस्ता करवला त्यांना तो जेमतेम पाच महिने मिळाला.

युद्ध संपलं, रस्ता राहिला. मग तो गजबजला का नाही? याचं उत्तर युद्धात नाही, पोटात आहे. या डोंगरातली माणसं १८७० च्या दशकापासूनच बाहेर पडत होती. दक्षिण ब्राझीलमध्ये त्यांनी वसवलेल्या गावांत व्हेनेतोच्या बोलीवरून तयार झालेली 'तालियान' भाषा आजही बोलतात. झोल्दो आणि कादोरे खोऱ्यांतले लोक जर्मनी-ऑस्ट्रियात आइस्क्रीमची दुकानं चालवायला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्लुनोचे कामगार स्वित्झर्लंडमध्ये धरणं आणि बोगदे बांधत होते. ३० ऑगस्ट १९६५ ला तिथल्या मात्मार्क धरणाच्या कामावर हिमनदीचा कडा कोसळला आणि ८८ माणसं गेली. त्यातले ५६ इटालियन, आणि त्यातले १७ एकट्या बेल्लुनो जिल्ह्यातले. दुसऱ्यांच्या डोंगरात रस्ते खोदायला गेलेल्यांच्या स्वतःच्या डोंगरातले रस्ते ओस पडले. कोकणातली कुलूप लावलेली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उरलीसुरली वाहतूक पुढे मोठ्या रस्त्याने पळवली. व्हेनिसहून बेल्लुनोकडे जाणारा ए-२७ मोटरवे १९९० च्या दशकात डोंगर पार करून पलीकडे पोचला, आणि लांबच्या गाड्यांना सान बोल्दोकडे वळायचं कारणच उरलं नाही.

याच मुलखातला एक सायकलवीर इथे आठवतो. ओत्ताव्हियो बोत्तेक्किया, १८९४ साली व्हित्तोरियो व्हेनेतोजवळच्या कोल्ले उंबेर्तो गावात जन्मलेला. घरची गरिबी, धंदा गवंडीकाम. युद्धात तो बेर्सालिएरी दलात होता, म्हणजे सायकलवरून हालचाल करणाऱ्या सैनिकांत. युद्धानंतर तो शर्यतींत उतरला आणि १९२४ ला तूर द फ्रान्स जिंकणारा पहिला इटालियन ठरला. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर! १९२५ ला पुन्हा जिंकला, आणि १९२७ ला सरावाच्या वेळी रस्त्याकडेला जखमी सापडून वारला. कसा, ते कोडं आजही सुटलेलं नाही.

आता कोणाला जायचंच असेल तर दोन शब्द कामाचे. रविवार टाळा, त्या दिवशी मोटरसायकलवाले घाटाचा ताबा घेतात. मधल्या वारी सकाळी, एप्रिल-मे किंवा सप्टेंबरमध्ये जा. बोगद्यांसाठी पुढे-मागे दिवा हवाच. खालचे प्रोसेक्कोचे द्राक्षमळे २०१९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, त्यामुळे तिकडे गर्दी वाढलीय, पण खिंडीपलीकडे बेल्लुनोच्या बाजूला उतरलात की पुन्हा शांतता. जमल्यास दुसऱ्या दिवशी ग्राप्पा. जिरो द'इतालियाने २०१४ आणि २०२४ मध्ये स्पर्धकांना तिथे घामाघूम केलं होतं. माथ्यावर १९३५ चं स्मारक आहे. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजारांहून जास्त सैनिक पुरलेत, आणि बहुतेकांची नावंही माहीत नाहीत.

शांत रस्त्यावर सायकल चालवण्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही, असं माझं मत. रस्ता वापरला तर टिकतो, आणि खिंडीतल्या एखाद्या खानावळीचा गल्लाही चालतो. फक्त ती शांतता निसर्गाने दिलेली आहे असं समजू नये. ती माणसं मरून आणि माणसं निघून जाऊन तयार झालीय.

सान बोल्दोच्या बोगद्यांत एका वेळी एकाच दिशेने जाता येतं, म्हणून तिथे सिग्नल आहे. लाल असला तर थांबावं लागतं. त्या वेळात मोबाईल खिशातच ठेवा आणि बोगद्याच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव बघून घ्या.