साताऱ्याचा वकील लंडनला जातो

मागचे काही भाग आपण लढायांवर बोललो. आज लढाई नाही, प्रवास आहे. कामासाठी सातासमुद्रापार जाणाऱ्यांचा.

विषय घरातच सुचला. मी मूळचा साताऱ्याचा. निवृत्तीनंतर बेंगळुरूला, जे. पी. नगरात, लेकीजवळ राहतो. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दर दीड-दोन महिन्यांनी तिची सॅन फ्रान्सिस्कोची वारी असते. आमच्या इमारतीत अशी चार-पाच घरं आहेत. लिफ्टमध्ये कुणाची मोठी बॅग दिसली की 'कुठे निघालात?' असं कोणी विचारत नाही. 'किती दिवस?' एवढंच विचारतात. घरापासून विमानतळ गाठायला इथल्या रहदारीत दोन तास धरावे लागतात, आणि पुढचे सुमारे १४,००० किलोमीटर थेट विमानाने सोळा-सतरा तासांत व्हायचे. ही थेट विमानसेवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. पहिलं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून इकडे आलं, आणि ते चालवणाऱ्या सगळ्या महिला होत्या.

आता जरा मागे जाऊ. राघोबादादांनी आपला एक वकील इंग्लंडला पाठवला होता, हणमंतराव नावाचा. कंपनीने आपल्याला दिलेली वचनं पाळावीत हे सांगायला. सोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. १७८१ साली ही मंडळी लंडनला होती. तिथे त्यांचे हाल चाललेले पाहून एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या गावी, बीकन्सफील्डला नेलं, आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून आपल्या बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. तेच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारे. राघोबांच्या ब्राह्मण वकिलांना परतल्यावर सोन्याच्या योनीप्रतिमेतून बाहेर पडून नवा जन्म घ्यावा लागला, तेव्हा कुठे जातीत प्रवेश मिळाला, असं कंपनीच्या नोकरीतल्या विल्फर्डने लिहून ठेवलं आहे. लेक इमिग्रेशनच्या रांगेबद्दल कुरकुरते तेव्हा मी तिला हे ऐकवतो.

पण ज्या कामासाठी एवढं केलं, त्याचं काय झालं? मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबांची बाजू सोडली, त्यांना पेन्शन ठरलं, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. निकाल लंडनला लागलाच नाही, तो इकडेच लागून गेला.

आता आमच्या साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते. ५ सप्टेंबर १८३९ ला कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं. आरोप अनेक होते, त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही होता. महाराजांची रवानगी काशीला झाली आणि धाकटे बंधू आप्पासाहेब गादीवर आले. महाराजांनी हत्यार उचललं नाही. लंडनला दाद मागायची ठरवलं, आणि ते काम रंगो बापूजींकडे आलं.

प्रवास कसा होता ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ चा. 'ह्यू लिंडसे' ही मुंबईत बांधलेली आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघून सुएझला गेली, तेव्हापासून आफ्रिकेचा वळसा टळण्याची सोय झाली. सुएझला उतरायचं, वाळवंटातून कैरो, तिथून नाईलने अलेक्झांड्रिया, पुढे दुसरी बोट. सगळं जमून आलं तर पत्राला साधारण दीड महिना. तेवढाच वेळ उत्तराला. म्हणजे लंडनहून 'आता काय करू?' असं विचारलं तर आज्ञा हातात पडायला तीन महिने.

अशा स्थितीत हा माणूस १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिला. सुमारे चौदा वर्षं! कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचा विषय पुन्हापुन्हा निघायला लावला. जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखी वजनदार माणसं बाजूने उभी केली. पत्रकं छापली, अर्ज केले, पार्लमेंटपर्यंत प्रकरण नेलं. मी हुकूम मानणाऱ्या नोकरीत आयुष्य काढलं. वरिष्ठ हजारो मैलांवर आणि हुकूम तीन महिने जुना, अशा परिस्थितीत चौदा वर्षं एकच मोर्चा धरून बसणं म्हणजे काय, ते मला थोडंफार कळतं.

१४ ऑक्टोबर १८४७ ला महाराज काशीला वारले. तार नव्हती. बातमी बोटीने निघाली. ती पोचेपर्यंतचे ते आठवडे रंगो बापूजी ज्यांच्यासाठी दारं ठोठावत होते, ते या जगात नव्हतेच. एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं तिथे राहिले. काही जण याला हट्ट म्हणतात. मला तसं वाटत नाही. परत येऊन ते सांगणार काय होते, आणि कोणाला? १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट फुटला, त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

ते मधले आठवडे मला सुटत नाहीत, त्याला माझं कारण आहे. १९९४ मध्ये मी राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर सोमालियात, बैदोआला होतो. साताऱ्याला वडील गेले. निरोप कुठल्याशा कार्यालयात अडकला. माझ्यापर्यंत आला तेव्हा तेरावं उरकलं होतं. मधल्या दिवसांत मी वडिलांना एक पत्र लिहिलं होतं. तिकडच्या केळ्यांबद्दल! ते पत्र आईने पुढे कित्येक वर्षं न फोडता ठेवलं होतं.

आता फोन आहे, म्हणून हे संपलं असं मी समजत होतो. गेल्या पावसाळ्यात लेक पहाटे निघाली. तिचं विमान सुटलं आणि तासाभरात हिच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी लगेच करावी लागेल. लेकीचा फोन बंद. मी बाकावर बसून निरोप लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. उतरल्यावर परक्या देशात, एकटीने, हे वाचायचं? की आधी घरी पोचू द्यायचं, मग सांगायचं? फौजेत मी हा निर्णय दुसऱ्यांच्या घरांसाठी अनेकदा घेतला होता. शेवटी दुपारी डॉक्टर बाहेर आल्यावर लिहिलं : आई ठीक आहे. आधी हे वाच, मग फोन कर.

ती उतरली तेव्हा आमच्याकडे पहाट होत आली होती. फोनवर आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, सतरा तास मी सिनेमे बघत होते."

मी तिला केळ्यांचं सांगितलं.

ती तिसऱ्या दिवशी परत आली, महिनाभर घरून काम केलं, आणि आता पुढच्या मंगळवारी पुन्हा निघते आहे. जाऊ नको असं आम्ही दोघंही म्हटलेलं नाही. ही मेतकुटाची पुडी बांधते आहे, डॉक्टरांनी ओझं उचलू नका सांगितलंय म्हणून बॅग मी माळ्यावरून काढली.

पुढच्या भागात कोकणातल्या आगबोटीवरच्या खलाशांबद्दल बोलू.