किल्ल्याखालचा पिवळा धोतरा

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. इथल्या द्राक्षा-डाळिंबांचं त्याने कौतुक केलं, किल्ल्याच्या कोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांबद्दलही लिहिलं. आज किल्ल्याच्या वाटेवर फुलणारा पिवळा धोतरा मात्र त्याला दिसणं शक्य नव्हतं. हे झाड मेक्सिकोकडचं. कोलंबसानंतरच्या जहाजांतून इकडे आलं. 1753 मध्ये लिनियसने त्याच्या शास्त्रीय नावातच मेक्सिको घातलं.

सहलीची मंडळी लांबून त्याला मोहरी समजतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला गप्प राहवत नाही. जवळ या म्हणते. निळसर पान, त्यावर पांढऱ्या शिरा, कडेला काटे. देठ मोडला की हळदीसारखा पिवळा चीक. उन्हाळा लागला की काटेरी बोंड टोकाकडून उकलतं आणि झाडाला धक्का लागताच काळं बी सांडतं. तळहातावर ते मोहरीच वाटेल. भिंग लावलं की कळतं: मोहरी बरीच गुळगुळीत, याच्या अंगावर ठसठशीत जाळी.

हे साम्य जिवावर बेततं. याच्या तेलात सँग्विनारीन नावाचं विष असतं. पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं. 1877 मध्ये कोलकात्यात या आजाराची साथ नोंदली गेली. 1998 मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने 60हून अधिक माणसं दगावली. आमच्या मराठवाड्यात घाणा करडईचा नाहीतर शेंगदाण्याचा, मोहरी फोडणीपुरती. म्हणून ती बातमी आम्ही वाचली आणि पान उलटलं.

यात झाडाचा दोष तो काय? दाट गवतात त्याचं फारसं चालत नाही. रस्त्याचा भराव, उकरलेली माती, गुरांनी चरून उघडं पाडलेलं रान मिळालं की ते फोफावतं, आणि काट्याला-चिकाला भिऊन शेळीही त्याच्या वाटेला जात नाही. अशी जमीन आपणच तयार करून देतो. गाजर गवताचंही तेच. पुण्यातली त्याची नोंद 1956 मध्ये छापून आली, आता ते धोतऱ्याच्या शेजारीच उभं असतं.

दौलताबादच्या डोंगरावरचं सीताफळही मूळ अमेरिकेतलंच. त्याचाही पाला शेळ्या खात नाहीत, म्हणून तेही उघड्या माळावर टिकलं, रानटी झालं. पण त्याला तण म्हणायची कुणाची छाती आहे? हंगामात रस्त्याकडेला पाट्या लागतात, भाव करून लोक घेतात. खरं तर त्याचं बीही विषारीच. पूर्वी बायका ते वाटून उवांवर लावत, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून पोरींच्या कपाळावर फडकं घट्ट बांधत.