शंकरराव चव्हाण : पाण्याचा ध्यास घेतलेला मुख्यमंत्री

जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर १९६८ मध्ये धरण पूर्ण झाले, तेव्हा राज्याचे पाटबंधारे खाते शंकरराव चव्हाण यांच्याकडे होते. १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे जन्मलेल्या शंकररावांनी कायद्याचे शिक्षण घेतले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला आणि नांदेडचे नगराध्यक्षपदही भूषविले. १९६० नंतर पाटबंधारे व वीजमंत्री या नात्याने त्यांनी कोरडवाहू मराठवाड्यात सिंचनाचा पाया घातला. येलदरीचे पाणी पुढे सिद्धेश्वर धरणातून कालव्यांद्वारे शेतीला मिळते. धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मितीही होते.

फेब्रुवारी १९७५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पुढील वर्षी त्यांच्याच जन्मगावी जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. १९८६ ते १९८८ या काळात त्यांनी पुन्हा हे पद सांभाळले. केंद्रात अर्थ व गृह ही खातीही त्यांच्याकडे होती. करड्या शिस्तीमुळे त्यांना 'हेडमास्तर' म्हटले जाई. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. दुष्काळाच्या वर्षी मराठवाड्याची नजर आजही प्रथम या धरणांतील पाणीसाठ्याकडे वळते. त्यांच्या कारकिर्दीचे मोल त्यातूनच कळते.