पाठीवरचें बिऱ्हाड

गेल्या महिन्यांत आमच्या ओळखीचे दोन तरुण पदवीधर एक कागद घेऊन आमच्याकडे आले. हिमालयांत आठ-दहा दिवस पायीं हिंडण्याचा त्यांचा बेत होता. हमाल किंवा खेंचर बरोबर न घेतां सर्व सामान स्वतःच्या पाठीवर वाहावयाचें होतें, आणि त्यासाठीं दोघांना पुरेल असा हलका तंबू त्यांना निवडावयाचा होता. कागदावर सात-आठ तंबूंचीं वजनें ग्रॅमपर्यंत काटेकोरपणें मांडलेलीं होतीं. इतिहासाच्या अध्यापकाला ह्या बाबतींत काय विचारावयाचें, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु त्या आंकड्यांवरून नजर फिरवितां फिरवितां एक प्रश्न मनांत आला. तंबू असा तोलून पाहण्याची बुद्धि माणसाला केव्हां झाली, आणि कां झाली?

माणूस हजारों वर्षें तंबूंत राहत आला आहे. मात्र त्याच्या वजनाचा असा बारीक हिशेब अलीकडचाच आहे. ह्याचें कारण केवळ कापडाच्या नि काठ्यांच्या इतिहासांत शोधूं गेल्यास तें पुरतें सांपडत नाहीं. तंबूंत झोंपणारा एक आणि तो वाहणारा दुसरा, अशी जोंवर वाटणी होती, तोंवर झोंपणाऱ्याला वजनाची पंचाईत करण्याचें प्रयोजनच नव्हतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याला लागू पडली, त्यानेंच बिऱ्हाड हलकें करण्याचा विचार केला.

मोंगल बादशहांच्या छावण्यांकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. अकबराच्या एका मुक्कामाचें सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असें अबुल फज्लनें 'आईन-ए-अकबरी'त नमूद केलें आहे. त्याच ग्रंथांत तंबूंचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांत 'चोबीन रावटी' हा एक आहे. चोबीन म्हणजे लांकडी. आणि रावटी हा शब्द तर आपल्या घरचाच, कारण मराठींतली राहुटी ती हीच. आपल्या भाषेंत शामियाना, डेरा, राहुटी, पाल असे शब्द आहेत, आणि त्यांच्यांत मानाची एक उतरंडहि आहे. तिच्या तळाशीं पाल. दोन मेढी, त्यांवर एक आडवी काठी, आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंस सोडलेलें कापड, एवढाच त्याचा थाट. तें भटक्यांचें घर. गाढवाच्या पाठीवर मावेल एवढेंच मोठें. थोरामोठ्यांच्या ओझ्याचें काय होतें, हेंहि आपण जाणतों. १७६१ सालच्या पानिपताच्या मोहिमेंत यात्रेकरू, बायकामुलें आणि बुणगे ह्यांचा भार भाऊसाहेबांच्या सैन्याला किती महाग पडला, ह्याची चर्चा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

दोघांच्या तंबूचा जन्म मात्र दरबारांत झाला नाहीं, आणि सुटीच्या दिवशीं हिंडणाऱ्यांच्या हौसेंतूनहि झाला नाहीं. तो साध्या शिपायाच्या पाठीवर झाला. अल्जीरियांत १८३० नंतर ज्या लढाया झाल्या, त्यांत फ्रेंच शिपायांनीं आपल्या जवळचीं कापडी पोतीं उसवून, दोघांचीं दोन एकत्र जोडून, त्यांचा आसरा करण्याची युक्ति काढली. पुढें ह्याच तत्त्वावर अमेरिकेच्या सैन्यानें आपला छोटा तंबू केला. तेथें १८६१ सालीं यादवी युद्ध सुरू झालें, तेव्हां सिब्ली नांवाच्या अधिकाऱ्यानें १८५६ सालीं पेटंट घेतलेला शंकूच्या आकाराचा मोठा तंबू प्रचारांत होता. त्यांत बारा शिपाई आरामांत झोंपत. पण त्याचें वजन ७३ पौंड भरे, आणि तो हलविण्यास गाड्यांवर गाड्या लागत. सैन्याला चपळाई हवी, तर गाड्या कमी करणें भाग होतें. म्हणून युद्धाच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक शिपायाला सुती कापडाचा एक तुकडा मिळूं लागला. कडेला बटणें आणि काजीं असत. दोघांनीं आपापले तुकडे जोडावे, संगिनी जमिनींत खुपसून बंदुका उभ्या कराव्या, त्यांच्या आधारानें कापड ताणावें, कीं तंबू तयार. दोन्ही टोंकें उघडीं असल्यामुळें वारा आरपार जाई. शिपाई त्याला थट्टेनें कुत्र्याचें घर म्हणत. आकार पाहिला तर तें आपलें पालच होय.

परंतु ह्या थट्टेच्या आड एक गंभीर गोष्ट आहे. ह्या तंबूचा अर्धा भाग तुमच्या पाठीवर, आणि अर्धा सोबत्याच्या. सोबती लढाईंत पडला, तापानें इस्पितळांत गेला किंवा वाटेंत मागें राहिला, तर तुमच्यापाशीं अर्धेंच घर उरावयाचें. दोघांचा तंबू म्हणजे दोघांना पुरणारी जागा, हा अर्थ मागाहूनचा. त्याचा मूळ अर्थ, दोघांनीं मिळून वाहिलेली जागा.

ह्याच सुमारास आल्प्स पर्वतांत दुसरा एक प्रयोग चालला होता. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा लांकडी ठशांचा कारागीर. मॅटरहॉर्नचें शिखर गांठण्याच्या ध्यासानें तो पछाडलेला होता. १८६१ सालीं त्यानें नेलेला तंबू वाऱ्यापुढें टिकला नाहीं; तेव्हां त्यानें स्वतःच्या कल्पनेनें नवा तंबू तयार केला. चार काठ्या, सुती कापडाचें छप्पर, सुमारें सहा फूट चौरस जागा, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे रबर चढविलेल्या कापडाची जमीन छपरालाच शिवलेली. ह्या शिवणीमुळें वाऱ्याला खालून शिरकाव उरला नाहीं. पुढें कित्येक वर्षें गिरिभ्रमण करणाऱ्यांनीं ह्या नमुन्याचा कित्ता गिरविला. पण त्याचें वजन वीस पौंडांच्या वर होतें, आणि तें व्हिंपरच्या पाठीवर क्वचितच असे. ब्रॉय गांवचा ल्यूक मेने नांवाचा एक कुबड असलेला गरीब हमाल तें वाही. १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत व्हिंपरनें ह्या मेनेचें चित्र मोठ्या आपुलकीनें रेखाटलें आहे. तंबूच्या इतिहासांत वाहणाऱ्याचें नांव येण्याचा असा प्रसंग विरळा.

त्यानंतरचा महत्त्वाचा पुरुष आल्बर्ट ममरी. ह्या इंग्रज गृहस्थानें वाटाडे न घेतां चढाई करण्याचा धाडसी परिपाठ पाडला. आणि वाटाडे गेले कीं त्यांच्या पाठीहि गेल्या. त्याचा रेशमी तंबू चार पौंडांच्या आसपास भरे. काठ्या वेगळ्या नव्हत्याच. बर्फांत चालतांना हातांत असणाऱ्या कुऱ्हाडी रात्रीं तंबूचे खांब होत. एका वस्तूकडून दोन कामें करून घेणें हें हलकेपणाचें पहिलें सूत्र, आणि बंदुकांचे खांब करणाऱ्या शिपायांना तें आधींच उमगलें होतें. १८९५ च्या ऑगस्टमध्यें नंगा पर्वतावर ममरी, आणि त्याच्यासमवेत रघोबीर थापा व गोमान सिंग हे दोन गुरखे, नाहींसे झाले. त्याचा तंबू मात्र 'ममरी तंबू' ह्या नांवानें मागें राहिला.

हा तंबू सामान्य मध्यम वर्गाच्या हातीं कसा आला, ह्याची कथा एका शिंप्याची आहे. टॉमस हायरॅम होल्डिंग हा लंडनमध्यें शिवणकामाचा व्यवसाय करणारा गृहस्थ. लहानपणीं, १८५३ सालीं, अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून गाड्यांच्या तांड्याबरोबर त्यानें प्रवास केला होता, आणि त्या मुक्कामांची गोडी त्याच्या मनांतून कधीं गेली नाहीं. मोठेपणीं त्यानें पायगाडीवर नेण्याजोगे तंबू शिवले. पायगाडीवाल्याला हमाल कोठला? कापड बेताचें कसें कापावें, शिवण कोठें घालावी, ताण कोठें पडेल, हें शिंप्याहून अधिक कोणाला कळणार? १९०१ सालीं त्याच्या पुढाकारानें पायगाडीवर हिंडून तंबूंत राहणाऱ्यांची एक संस्था इंग्लंडांत स्थापन झाली, आणि १९०८ सालीं त्याचें ह्या विषयावरील पुस्तक निघालें. कारकून, शिक्षक, कारागीर अशा माणसांना स्वतःच्या बळावर बाहेर मुक्काम करण्याचा मार्ग ह्यामुळें मोकळा झाला.

एव्हरेस्टवर मात्र ही कथा पुन्हां मागें वळली. १९२४ सालच्या ३ जूनला सुमारें २६,८०० फुटांवर एक छोटा तंबू उभा राहिला. नर्बू यिशांग, ल्हाक्पा छेदी आणि सेमचुंबी ह्या तिघांनीं तेथवर ओझीं नेलीं. तंबूंत नॉर्टन व सॉमरव्हेल हे दोघे राहिले, आणि तिघे त्याच दिवशीं खालीं उतरले. दुसऱ्या दिवशीं नॉर्टन प्राणवायूच्या साह्यावांचून २८,१२६ फुटांपर्यंत पोंचला. पुढें मॅलरी आणि अर्विन हे तरुण ह्याच मुक्कामावर राहून ८ जूनला निघाले, ते परत आले नाहींत. १९३३ सालच्या मोहिमेंतील लोकांना त्या तंबूचे अवशेष सांपडले. त्यांत एक विजेची बत्ती होती, आणि नऊ वर्षांनंतरहि ती पेटली. मॅलरीचा देह १९९९ सालीं आणि अर्विनच्या देहाचा कांहीं अंश २०२४ सालीं सांपडला. २८ मे १९५३ च्या रात्रीं २७,९०० फुटांवर हिलरी व तेनसिंग ज्या तंबूंत राहिले, तोहि अनेकांनीं टप्प्याटप्प्यानें वर चढविला होता. पण शेवटच्या चढावर हे दोघेहि वाहणारांतच होते. हिलरीच्या पाठीवर तर साठ पौंडांहून अधिक भार होता. वाहणारा आणि झोंपणारा तेथें पुन्हां एक झाले.

त्यानंतरचा इतिहास रसायनशास्त्राचा आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत निर्माण झालेल्या नायलॉननें रेशमाची जागा घेतली, आणि ॲल्युमिनियमच्या लवचिक काठ्यांनीं लांकडाची. १९७५ सालीं बकमिन्स्टर फुलर ह्याच्या घुमटाच्या रचनेवरून एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचा तंबू नॉर्थ फेस ह्या कंपनीनें बाजारांत आणला. कमानी ताण वांटून घेत असल्यामुळें तो वाऱ्यांत तग धरी. शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठीं काढलेलें अत्यंत हलकें कापडहि पुढें तंबूंना लागलें. आणि ह्या सर्व प्रगतीकडे पाठ फिरवून १९५५ सालीं एमा गेटवुड नांवाची ६७ वर्षांची आजीबाई, अकरा मुलांची आई, खांद्यावर घरीं शिवलेली एक पिशवी टाकून ॲपलाचियन डोंगरवाटेनें दोन हजार मैलांहून अधिक चालून गेली. तंबूच्या ठिकाणीं तिच्यापाशीं न्हाणीघराचा एक प्लॅस्टिकचा पडदा होता!

मग त्या तरुणांना आम्हीं काय सांगितलें? इतिहासानें जें शिकविलें, तेंच. हलकेपणा फुकट मिळत नाहीं. त्याचें मोल कोठें तरी चुकवावें लागतें. एका पदराचा तंबू हलका असतो खरा, पण दोन माणसांच्या श्वासांतली वाफ रात्रभर थंड कापडाला लागून पाणी होते, आणि पहांटे तें अंगावर ठिबकतें. आंत हवा खेळविणारें कापड आणि बाहेर पाणी न झिरपूं देणारें, असे दोन पदर असले तर हा त्रास पुष्कळ टळतो. नायलॉन भिजलें कीं सैल पडतें. म्हणून पावसांत दोऱ्या पुन्हां ताणाव्या लागतात. 'दोघांचा' असें विकणारा म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत वीस-वीस इंचांच्या दोन अरुंद गाद्या असतात. सामान कोठें ठेवावें, हें तो सांगत नाहीं. कागदावरच्या आंकड्याला भुलण्यापूर्वीं तंबू अंगणांत उभारून दोघांनीं त्यांत एक रात्र काढावी. हमाल नेणारांसहि आमचें एक सांगणें आहे. हमाल नेण्यांत गैर कांहींच नाहीं, परंतु तंबू निवडतांना आपल्या सोईइतकाच त्याच्या पाठीचाहि विचार करावा.

दोघांनीं अखेर दोन पदरांचा, कागदावरील सर्वांत हलक्या तंबूहून पांचशें ग्रॅमनें जड असा तंबू पसंत केला. हे अधिक पांचशें ग्रॅम कोणीं वाहावयाचे, ह्यावर आमच्या ओटीवरच त्यांचा वाद जुंपला. तेव्हां आम्हीं त्यांना त्या अमेरिकन शिपायांच्या बटणांची गोष्ट सांगितली. एकानें कापड घ्यावें, दुसऱ्यानें काठ्या आणि खुंट्या. दर दिवशीं अदलाबदल करावी. एकाच्या पिशवींतलें दुसऱ्यावांचून उभें राहूं नये, म्हणजे वाटेंत कितीहि भांडण झालें तरी संध्याकाळीं दोघांना एका जागीं यावेंच लागेल. ही तोड त्यांना पटली असावी. कारण जातांना ते तंबूच्या वजनाचा नव्हे, तर पहिल्या दिवशीं काठ्या कोणीं घ्यावयाच्या ह्याचा विचार करीत होते.