अंकओळखीचे खेळ

अंकओळखीचे खेळ म्हणजे बालकांना संख्याचिन्हे शिकवण्यासाठी तयार केलेले शैक्षणिक खेळ होत. वस्तूंचा समूह, संख्यानाम व लिखित अंक यांची सांगड घालणे हा त्यांचा हेतू असतो. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाचे अंक बोटाने गिरवतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात परिसरातील खडे, शिंपले, बिया हेच शैक्षणिक साहित्य ठरले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अंगणवाडीतही चिंचोके व अंकपत्ते यांवर असे खेळ अल्प खर्चात रचता येतात.

‘पंचवीस’ उच्चारताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र २ आधी येतो. त्यामुळे काही मुले ५२ लिहितात. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचनही देण्यात आले. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या यांच्या खेळातून हाच स्थानिक किमतीचा बोध होतो.