सुरतेला विचारलेले प्रश्न

1664 चा जानेवारी म्हटलं की मराठी माणसाला सुरत आठवते. शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तो हा महिना. त्यानंतर चौदा महिन्यांनी, मार्च 1665 मध्ये, लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक निघाला. आज विद्यापीठात ज्याला आपण जर्नल म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष. काढणारे हेन्री ओल्डेनबर्ग, रॉयल सोसायटीचे सचिव. या जर्नलला पुरती दोन वर्षं होताहोताच, 1667 मध्ये, त्यात खास सुरतेच्या नावाने प्रश्नांची यादी छापून आली. सुरतेला आणि पूर्वेकडच्या मुलखात जाणाऱ्यांनी काय पाहावं, काय विचारून यावं, याची ती यादी. जर्नल जन्माला येतं काय आणि लगेच सुरतेची विचारपूस करू लागतं काय, मला याचं फार अप्रूप वाटतं. पण त्यातच पुढच्या साडेतीनशे वर्षांची गोम आहे. माहिती इथून जायची, छपाई तिकडे व्हायची. छापलेलं परत इथे आणायचं तर भाडं कुणी भरायचं?

सुरतेत वाचणारे नव्हते असं नाही. अँड्र्यूज लायब्ररी 1850 ची. कवी नर्मद याच शहराचा. 1864 मध्ये त्याने ‘दांडियो’ नावाचं नियतकालिक काढलं आणि समाजाला धारेवर धरलं. 1965 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण गुजरात विद्यापीठाला 2004 मध्ये त्याचं नाव मिळालं. उधना-मगदल्ला रस्त्यावरचं हे विद्यापीठ सुरतेतल्याच बमरोली या वस्तीपासून जवळ आहे. ज्याच्या नावाचं विद्यापीठ, तो स्वतः नियतकालिकाचा संपादक होता, हे जर्नल विभागात बसणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

भाड्याच्या प्रश्नाला आपल्याकडे पहिलं खणखणीत उत्तर दिलं ते सयाजीराव गायकवाडांनी. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला. सुरतेशेजारचं नवसारी त्यांच्याच राज्यात होतं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या आणि जाण्यायेण्याचं भाडं संस्थान भरायचं. वाचणाऱ्याच्या खिशाला हात लागायचा नाही. आजच्या ऑनलाइन जर्नलांची खरी वंशावळ मी या पेट्यांपासून धरतो, संगणकापासून नाही.

मधला काळ कार्डेक्सचा. लायब्ररीतल्या जुन्या माणसांना हा शब्द ऐकला की ते लोखंडी कपाट दिसतं: सपाट खण, खणात एकावर एक सरकवलेली कार्डं, दर जर्नलला एक कार्ड. अंक आला की त्या महिन्याच्या चौकटीत खूण करायची. चौकट रिकामी राहिली की एजंटाला स्मरणपत्र. वर्ष सरलं की अंक बायंडिंगला, आणि नेमका हवा तो खंड तेव्हाच बाहेर गेलेला. वर्गणी डॉलर-पौंडांत, तीही आगाऊ. जुलै 1991 मध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि हा डोलारा कोसळू लागला. आधीच चढत्या किमती, त्यात रुपया घसरलेला. विद्यापीठांनी एकेक परदेशी जर्नल बंद करायला सुरुवात केली.

त्याच 1991 मध्ये अहमदाबादेत विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प सुरू झाला. 1996 मध्ये ती स्वायत्त संस्था झाली, आज तिचं ठाणं गांधीनगरला आहे. पुढे तिथूनच एक साधी कल्पना राबवली गेली: प्रत्येक लायब्ररीने एकटीने भाव करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून करावा. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते यूजीसी-इन्फोनेटच्या जर्नल योजनेचं उद्घाटन झालं. पुढे ई-शोधसिंधू आलं. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नलं. सयाजीरावांची पेटी आता देशभर फिरू लागली आहे.

बमरोलीच्या गल्ल्यांत याचा अर्थ काय? बाप लूमवर, आई साडीला लेस लावते, गाव धुळे किंवा नंदुरबारकडचं, आणि पोरगी एमएस्सीला. तिला पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांच्या सांडपाण्यावर प्रोजेक्ट करायचाय. प्रकाशकाच्या साइटवर एकेका पेपरला तीस-चाळीस डॉलर मागतात, आणि ती तिथेच हाय खाते. तिला कुणीतरी सांगायला हवं की बाई, हे पैसे सरकारने आधीच भरलेत. विद्यापीठाच्या आवारात वायफायवर असलीस तर तिथला आयपी पत्ता ओळखून पेपर आपोआप उघडतो. घरून वाचायचं तर लायब्ररीतून आयडी घे. तुझी संस्था इन्फ्लिबनेटच्या इन्फेड या लॉगिन-व्यवस्थेत असेल तर प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ निवडून यादीतून तिचं नाव काढ. गूगल स्कॉलरवर शोध, पण पेपरचा डीओआय, तो 10 ने सुरू होणारा क्रमांक, वहीत टिपून ठेव. लिंक बदलते, तो बदलत नाही. एवढं करून नाहीच उघडला तर लेखकाला ईमेल कर. बरेच जण आनंदाने पीडीएफ पाठवतात. आणि शोधगंगावर जा: तिथले प्रबंध कुणालाही, लॉगिनशिवाय, फुकट.

ही चार वाक्यं प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात, मुलांच्या भाषेत, समोर बसवून सांगायला हवीत. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तिथून आलेल्या मुलांसमोर कॉलेजात इंग्रजी सूचनांची पाटी टांगणं म्हणजे दार उघडून वाट न दाखवणं. शिवाय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’च्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थाच आहेत. त्याच गल्लीतली दुसरी मुलगी खासगी कॉलेजात असेल, तर ती बाहेरच राहते. अभ्यास तोच, वस्ती तीच. हा भेद मला पटत नाही, आणि पुढच्या टप्प्याची वाट पाहत तिचं शिक्षण संपून जाईल याची काळजी वाटते.

सुरतेच्या नावाची ती 1667 ची यादी मात्र आज कुणालाही वाचता येते. रॉयल सोसायटीने 2011 मध्ये सत्तर वर्षांहून जुने सगळे लेख कायमचे खुले केले. पैसे नकोत, विद्यापीठाचं ओळखपत्र नको. बमरोलीच्या खोलीत मोबाइलवर ते पान उघडतं.

उलट आपल्याच मुलखाचं जर्नल मिळवणं कठीण. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं आणि त्याने ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवलं. खानदेशच्या इतिहासावर काम करायचं तर त्याला वळसा घालून जाता येत नाही. सरकारी योजनेतल्या तीस प्रकाशकांच्या नावांत ते असायचं कारणच नाही. त्याचे जुने अंक स्कॅन करून खुले ठेवायला 6,000 कोटींतला किती अंश लागेल? तोवर बमरोलीच्या पोराने उधन्याहून तापी खोऱ्याची गाडी धरायची, नरडाण्याला उतरायचं, पुढे एसटीने धुळं गाठायचं आणि मंडळात बसून अंक उतरवून घ्यायचा. हे भाडं अजून त्याचं त्यालाच भरावं लागतं.