तबेल्यातली काडतुसं

जबलपूरवर १७९८ ते १८१७ नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. मग इंग्रज आले, छावणी पडली, १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखानाही. अशा गावात पितळेची गोष्ट काढायची, तर ती हंड्या-कळशांची कशाला? काडतुसांचीच काढावी.

गोष्ट हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवून देत. डोक्यावर छप्पर होतं, एवढं पुरे वाटलं असावं. पाऊस सरल्यावर पाहतात तो पितळी पुंगळ्यांना तडे! एकही गोळी झाडलेली नव्हती.

इंग्रजीत या दुखण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. खरा चोर पाऊस नव्हता, घोडे होते. म्हणजे त्यांचं मूत. तबेल्यात शिरताच नाकाला झोंबतो तो अमोनिया. ओलसर हवेत तो पितळेतल्या तांब्याला धरतो आणि धातूच्या कणांच्या सांध्यांतून आत पोखरत जातो.

पण नुसत्या अमोनियाने पुंगळी फुटत नाही. ती घडतानाच तिच्यात ताण कोंडलेला असतो. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेची चकती थंडच साच्यातून ओढून ओढून लांबवतात. वरून गुळगुळीत, चकचकीत. आत मात्र सगळी ओढाताण. अमोनियाने बारीकशी चीर पाडली, की हा ताण ती फाकवत नेतो.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला यातलं अर्धं तरी ठाऊक असणारच. ठोकून ठोकून ताठरलेला पत्रा तो लाल होईतो तापवतो, मऊ करतो आणि मगच पुढचा घाव घालतो. काडतुसाचं तसं करून भागत नाही. सगळी पुंगळी मऊ पडली, तर बार उडाल्यावर ती बंदुकीतच चिकटून बसायची. म्हणून उपाय निघाला तो बेताच्या आचेचा: साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर तापवायचं. ताण निघून जातो, कणखरपणा राहतो.

तरी खात्री हवीच. त्यासाठी नमुन्याच्या पुंगळ्या पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवत. ताण उरला असेल, तर तडा पावसाळ्याची वाट पाहत नसे; काही मिनिटांत डोळ्यांदेखत उमटे.